फर्स्ट कॉपी

या वीकांताला खरं म्हणजे माळशेजच्या पावसाळी ट्रेकबद्दल लिहायचं ठरवलं होतं. फोटोसुद्धा निवडून ठेवले होते. पण शनिवारी ताईकडे जेवायला गेलो आणि डोकं असं काही फिरलं की आता हे लिहून मोकळा झाल्याशिवाय झोप यायची नाही. ट्रेक पुढच्या आठवड्यात.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी उल्हासनगर कॅम्प २ चा. जन्म इथलाच, शाळा इथलीच, इंजिनियरिंग नवी मुंबईला. आमच्या गावाची ख्याती तुम्हाला ठाऊक असेलच. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा जोक मी कॉलेजच्या पहिल्या दिवशी ऐकला आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी परत ऐकला. (प्रत्येक सांगणाऱ्याला वाटतं हा जोक आपणच पहिल्यांदा सांगतोय. मीही दर वेळी हसतो. काय करणार.) फाळणीनंतर नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या लोकांनी लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत राहून हे शहर उभं केलं, १९४९ मध्ये त्याचं 'उल्हासनगर' असं बारसं झालं, ही गोष्ट कुणी सांगत नाही. जोक मात्र सगळे सांगतात. असो.

मुद्दा असा की डुप्लिकेट माल म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि एक गोष्ट मी छातीठोक सांगतो. आमच्या बाजारातला दुकानदार तुम्हाला बूट दाखवताना स्वतःच्या तोंडाने सांगतो, "साब, ये फर्स्ट कॉपी है, ओरिजिनल चाहिये तो मॉल में जाओ." किंमत त्याच हिशोबाने. गॅरंटी नाही म्हणजे नाही, तेही सांगतो. घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत.

हाच प्रामाणिकपणा मला परवा ताईच्या टेबलावर पडलेल्या एका गुळगुळीत ब्रोशरमध्ये कुठेच सापडला नाही.

माझा भाचा पाच वर्षांचा आहे. साडेतीनाव्या वर्षी त्याच्या ऑटिझमचं निदान झालं. त्याआधीचं दीड वर्ष "मुलगे उशिराच बोलतात गं", "त्याचा मामासुद्धा चार वर्षांपर्यंत गप्पच होता" (हा मामा म्हणजे मी, आणि आई म्हणते मी दीड वर्षाचा असताना शेजाऱ्यांशी भांडायचो) अशा सल्ल्यांत गेलं. भाचा हुशार आहे. लोकलचे आवाज ओळखतो. पंख्याच्या वेगावरून बटण कितीवर आहे ते सांगतो, म्हणजे बोटाने दाखवतो. बोलतो फार थोडं. अनोळखी जागी घाबरला की कान झाकून खाली बसतो.

ब्रोशर भावजींनी आणलं होतं. नावं लिहीत नाही, नाव महत्त्वाचंही नाही, अशी बरीच आहेत. त्यात आधी-नंतरचे फोटो, पालकांचे अनुभव, मेंदूचे रंगीत स्कॅन, 'पेशींचं पुनरुज्जीवन' वगैरे शब्द. 'स्टेम सेल' हा शब्द मात्र शोधूनही सापडला नाही, तो फक्त फोनवर बोलताना येतो. कोटेशन साडेतीन लाख. पहिल्या 'सेशन'चं. पुढे किती लागतील ते मुलाच्या 'रिस्पॉन्स'वर. भावजींनी एफडी मोडायची ठरवली होती. ताई काही बोलत नव्हती, भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, एक रुपया द्यायचा नाही. आणि मग जे व्हायचं ते झालं. भावजी म्हणाले, "तुझं लग्न नाही, मूल नाही, तुला काय कळणार?" खरं आहे, मला काहीच कळणार नाही. पण आकडे कळतात. म्हणून आकड्यांबद्दलच बोलू.

भावजींचा सगळ्यात मोठा मुद्दा हा होता: "अरे, ज्यांनी केलंय त्यांच्याशी मी स्वतः बोललो. त्यांना फरक दिसला. ते खोटं बोलतायत का?"

नाही, खोटं बोलत नाहीत. हीच तर गोम आहे.

अमेरिकेत १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन नावाच्या एका हार्मोनची लाट आली होती. पचनाशी संबंधित हार्मोन, तेव्हा वापरात होतं ते डुकराच्या आतड्यातून काढलेलं. ऑटिझम असलेल्या एका मुलाला पोटाच्या तपासणीसाठी ते दिलं, आणि नंतर तो बोलायला लागला, डोळ्याला डोळा द्यायला लागला असं त्याच्या पालकांनी सांगितलं. टीव्हीवर आलं. हजारो पालक इंजेक्शनासाठी धावले. मग १९९९ च्या डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी छापून आली. ६० मुलं. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते ना पालकांना माहीत ना तपासणाऱ्यांना. निकाल? दोन्ही गटांत सुधारणा. मिठाच्या पाण्यावरची मुलंसुद्धा 'सुधारली'! दोन गटांत फरक शून्य.

आणि आता खरी गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर). हा निकाल त्या पालकांना सांगितल्यावर सुद्धा त्यांच्यातल्या ६९ टक्के लोकांना आपल्या मुलासाठी सिक्रेटिन हवंच होतं.

ही माणसं मूर्ख नव्हती. आपल्या पोटच्या पोराकडे रोज डोळ्यात तेल घालून बघणारी होती, आणि म्हणूनच त्यांना फरक दिसला. पाच वर्षांचं मूल सहा महिन्यांत काही ना काही नवीन शिकतंच, ऑटिझम असला तरी शिकतं, वाढ थांबलेली नसते. लोक उपचार शोधतात तेही मुलाचा सगळ्यात वाईट काळ चालू असताना. त्यानंतर तसाही थोडा बरा काळ येणारच असतो. शिवाय साडेतीन लाख मोजल्यावर "काही उपयोग झाला नाही" हे वाक्य स्वतःशी बोलायला जे काळीज लागतं ते किती जणांकडे असतं?

वर या पॅकेजमध्ये इंजेक्शनाबरोबर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि आहाराचा तक्ता सुद्धा असतो. माझ्या आयटीतल्या मित्रांनो, एका रिलीजमध्ये पाच बदल एकदम टाकले आणि साईट फास्ट झाली, तर श्रेय कुठल्या बदलाला द्याल? आमच्या टीमलीडला असा रिपोर्ट दिला तर तो माझ्याकडे कसा बघेल ते मला माहीत आहे. बटणाचा रंग निळा की हिरवा यासाठी आपण दोन गट पाडून पंधरा दिवस मोजतो. आणि पोराच्या पाठीच्या मणक्यात सुई घालायला शेजारच्या काकूंचा अनुभव पुरतो!

बरं, मोजून बघितलंय का कुणी? बघितलंय. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २ ते ७ वर्षांच्या १८० मुलांवर नाळेतल्या रक्ताच्या पेशींची चाचणी केली, निकाल २०२० मध्ये छापला. चाचणी करणारे लोक या उपचाराचे विरोधक नव्हते, त्यांना आशाच होती. सामाजिक व्यवहारात सुधारणा होते का हा मुख्य प्रश्न होता. उत्तर आलं की खोट्या औषधाच्या गटापेक्षा फरक नाही. एखाद्या उपगटात थोडंफार काही दिसलं, आणि क्लिनिकवाले नेमकं तेवढंच कापून तुम्हाला दाखवतील, सावध राहा. शिवाय ती नाळेच्या रक्ताची चाचणी. आपल्याकडे विकतात ते बरेचदा मुलाच्याच हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी मणक्यात सोडणं. म्हणजे ज्या चाचणीचा दाखला द्यायचा, ती दुसऱ्याच वस्तूची. फर्स्ट कॉपीसुद्धा नाही ही!

कायद्याचं म्हणाल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर फक्त मान्यता घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने ऑटिझमचं नाव घेऊन हेच सांगितलं. आणि ३० जानेवारी २०२६ ला 'यश चॅरिटेबल ट्रस्ट' विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ट्रायलच्या बाहेर ऑटिझमवर उपचार म्हणून हे देता येणार नाही. मोजा आता, २०१७ ते २०२६. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत किती एफडी मोडल्या, किती दागिने गहाण पडले, त्याचा हिशोब कुणी ठेवला?

आपल्या महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. दाभोलकरांना जीव द्यावा लागला, मगच तो आला. अंगारे-धुपारे करणाऱ्या बुवाला त्यात अटक होऊ शकते, व्हायलाच पाहिजे. पण बुवाने पांढरा कोट घातला, एसी लावला, भिंतीवर मेंदूचं चित्र टांगलं आणि रिसेप्शनिस्ट ठेवली की आपण त्याला 'सर' म्हणतो. ताईच्या सासूबाईंनी भाच्याच्या दंडाला एक ताईत बांधलाय, एकावन्न रुपयांचा. त्यावरून भावजींनी घरात केवढा आरडाओरडा केला होता, "या जमान्यात असल्या अंधश्रद्धा!" म्हणून. ताईताने निदान मणक्याला भोक तरी पडत नाही हो.

आता "मग करायचं काय?" हा प्रश्न. तो रास्त आहे, आणि नुसतं "हे करू नका" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नये या मताचा मी आहे.

तर आधी कडू गोळी. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर सिद्ध झालेलं औषध नाही. चिडचिड, झोप, फिट्स यांच्यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांनी विचार करून द्यायची. बाकी जे काम करतं ते फार रटाळ दिसतं. ब्रोशर छापण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्या शेजारी, गोव्यात झालेलं एक काम सांगतो. तिथल्या 'संगत' संस्थेने, पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या टीमबरोबर (हो, रावळपिंडी!), एक चाचणी केली, २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'च्या अंकात आली. ऑटिझम असलेली ६५ मुलं. उपचार कोण करणार? डॉक्टर नाहीत, परदेशातून शिकून आलेले थेरपिस्ट नाहीत, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. ते पालकाचा आणि मुलाचा खेळतानाचा व्हिडिओ घेतात, मग पालकाबरोबर बसून तोच व्हिडिओ बघतात. इथे तो गाडीकडे बघत होता, तुम्ही मध्येच "हा रंग कुठला?" विचारलंत. इथे त्याने तुमच्याकडे बघितलं आणि तुमचं लक्ष नव्हतं. इथे तुम्ही थांबलात, आणि बघा, त्याने स्वतःहून हात पुढे केला. अशी साधारण डझनभर सत्रं, काही महिन्यांत. एवढंच. सुई नाही, मशीन नाही.

निकाल असा: आईबाप मुलाच्या कलाने वागायला, त्याच्याशी सूर जुळवायला बरंच जास्त शिकले. मुलं स्वतःहून संवाद सुरू करायचं प्रमाण वाढलं. आणि एक गोष्ट उलटी झाली, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ उपचाराच्या गटात कमी भरला. हेसुद्धा त्यांनी छापलं! मला त्या पेपरमधलं हेच सगळ्यात आवडलं. ज्या ब्रोशरमध्ये एकही गोष्ट उलटी गेलेली नसते ते ब्रोशर कचऱ्याच्या डब्यात टाकावं, एवढा साधा नियम पुरे आहे.

सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत तर हे काम आणखी सोपं करून ठेवलंय. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४ प्रकारच्या उपचारांचा पुरावा गोळा करून त्याला सिग्नलचे रंग दिले. हिरवा, पिवळा, लाल. १३१ परिणाम तपासले, त्यातल्या जेमतेम १६ टक्क्यांना हिरवा दिवा मिळाला. मुलाने स्वतः, त्याला खरोखर करायच्या असलेल्या गोष्टीचा सराव करणं (बटण लावणं, ग्लास उचलणं) याला हिरवा. ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये मुलाला झोपवून ठेवण्याला लाल. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मुलीला त्या चेंबरची चाळीस सेशन्स दिली होती. त्याला हे चित्र दाखवायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

पण नुसतं 'थेरपी' म्हटलं की झालं असंही नाही, इथे आमच्या भागातल्या सेंटर्सनाही मी सोडणार नाही. भाचा आधी जिथे जायचा तिथला प्रकार: पाऊण तास दार बंद. ताई बाहेर बाकड्यावर. आत काय चाललंय विचारलं तर "मॅडम, त्याला डिस्टर्ब होतं." सहा महिन्यांनी रिपोर्ट मागितला तर 'इम्प्रूव्हिंग' हा एकच शब्द, खाली सही-शिक्का. किती इम्प्रूव्हिंग? कशात? सहा महिन्यांपूर्वी काय होतं? रंगीत बॉलच्या टबात मूल बसवून ठेवणं म्हणजे उपचार होत नाही. आठवड्यात १६८ तास असतात. त्यातला दीड तास थेरपिस्टकडे आणि बाकी सगळा ताईकडे. आणि शिकवायचं मात्र ताईला वगळून? आमच्या कंपनीत असं ट्रेनिंग कुणी दिलं तर बिल पास व्हायचं नाही.

आता इथला खरा प्रश्न, जो आयटी पार्कात राहणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. मुंबईत चांगली ठिकाणं आहेत. २००१ पासून 'उम्मीद' आहे, सायन हॉस्पिटल आहे, शिवडीला १९४४ पासूनची जय वकील शाळा आहे. पण उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरवाल्याने तिथे जायचं कसं? सकाळी आठची बदलापूर लोकल कधी बघितलीय? मोठ्या माणसाला दारात लटकायला जागा नाही, तिथे हॉर्न वाजला की कान झाकून जमिनीवर बसणारं मूल घेऊन ताई कशी चढणार? जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, भावजींची सुट्टी, मुलाचा गोंधळ, आणि डब्यातल्या बायकांचं "काय गं, मुलाला वळण नाही का लावलं?" हे फुकट. मग घरापासून दहा मिनिटांवरचा, गोड बोलणारा, गॅरंटी देणारा माणूस जिंकणारच. या फसवणुकीचं अर्धं भांडवल म्हणजे सरकारी व्यवस्थेचं घरापासूनचं अंतर आहे.

आणि व्यवस्था कागदावर आहे हो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरहून. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं! जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी, पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जायचं, वाढीतला उशीर दिसला की जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत ऑटिझम आहे. 'निरामय' नावाची १ लाखापर्यंतची विमा योजना आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. माझ्या भाच्याच्या बालवाडीत कुणी आलं नाही, कारण ती खाजगी. ताईला 'निरामय' हे नाव निदानानंतर वर्षाने कळलं, ते मी सांगितलं म्हणून. गुळगुळीत ब्रोशर मात्र निदानानंतर पंधरा दिवसांत घरी पोचलं होतं. कुणी पोचवलं असेल याचा विचार करा.

आणि ही काही एक-दोन घरांची गोष्ट नाही. २०१८ मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आलेल्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणची (त्यात एक उत्तर गोवा) २ ते ९ वयाची जवळपास ४,००० मुलं तपासली होती. मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण, ऐकू न येण्यापासून फिट्स आणि ऑटिझमपर्यंत, साधारण आठातल्या एका मुलात निघाली. तुमच्या सोसायटीत मुलं किती? भागाकार करून बघा.

"पण त्यांना आशा तरी असू दे ना रे," असं आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला. हा ग्रुप म्हणजे पाचशे रुपयांचं मोबाईल कव्हर घेताना दोनशे रिव्ह्यू वाचणारे लोक. आशा फुकट नसते हो. हिशोब करा. आमच्या इथे बरा थेरपिस्ट एका सेशनचे सहाशे घेतो. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याचे चार हजार आठशे. साडेतीन लाखांत बहात्तर महिने होतात. सहा वर्षं! म्हणजे भाचा अकरा वर्षांचा होईपर्यंत. एका सुईत.

हाच हिशोब मी शनिवारी भावजींच्या वहीत मांडून दिला. ते काही बोलले नाहीत, वही मिटून ठेवली. मी जरा जास्त बोललो होतो, आवाजही चढला होता, भाचा कान झाकून आतल्या खोलीत गेला होता. त्याबद्दल मला वाईट वाटतंय. मूल बरं व्हावं म्हणून एफडी मोडायला निघालेल्या बापावर ओरडायचा मला काय अधिकार? ओरडायचं ते ब्रोशर छापणाऱ्यावर.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. क्लिनिकमधून परत फोन आला होता म्हणे. महिनाअखेरीच्या आत बुक केलंत तर पन्नास हजार कमी. (गजानन मार्केटमध्ये दिवाळीच्या आधी असाच सेल लागतो.) फोन भावजींनी घेतला. त्यांनी विचारलं, "ही ट्रायल आहे का? असेल तर नोंदणी क्रमांक द्या, आणि ट्रायल असेल तर पैसे कसले घेता? नसेल तर कोर्टाच्या निकालाचं काय?" पलीकडची मुलगी जरा वेळ गप्प, मग म्हणाली, "सरांना विचारून कळवते."

आज रविवार रात्र. अजून काही कळवलेलं नाही. एफडी आहे तिथेच आहे. आणि ताईने मला मोबाईलचा स्टँड आणायला सांगितलाय, भाच्याबरोबर खेळतानाचा व्हिडिओ काढायला. उद्या ऑफिसातून येताना घेईन. उल्हासनगरात दीडशेला मिळतो, कॉपी असली तरी चालेल.